धुरवाले भाऊ अन् धुतलेले फडके

त्या दिवशी आमच्या ओसरीवर जे जे होते त्याईचे नाव पहिले सांगून टाकते, आता इचारायले त्यातलं फारसं कोणी राह्यलं नाई. मी होती. माही सासू होती, खांबाले टेकून. मोठी जाऊ गोदा होती, शेजारची सखू होती, गावचे पाटील खाटेवर होते, अन् माही चार वर्षाची चंद्री माह्या मांडीवर होती. मधात, पोत्यावर मांडी घालून, ते बसले होते ज्याईले सारं गाव धुरवाले भाऊ म्हणे. एवढा शिकलेला माणूस हिंगणघाटापासून समुद्रपूरपर्यंत कोणी पाह्यला नसन, अन् एवढा बुचकळ्यात पडलेला माणूस तं साऱ्या वर्धा जिल्ह्यात नसन. बाकीच्याईच्या तोंडावर नाक-डोळे असते, ह्या माणसाच्या तोंडावर नुसता प्रश्न होता.

ते आमच्या गावात आले कायले, हेच कोणाले नीट समजलं नाई. स्वराज्य येऊन सात-आठ वर्सं झाले असन. तवा वर्ध्याकडून कोणी ना कोणी येतच राहे, कोणी संडास खंदाले सांगे, कोणी सूत काताले. हे सायकलीवर आले. हांडलाले छत्री बांधलेली, ते छत्री त्याईनं उन्हात उघडली नाई अन् पावसातबी नाई. पाटलानं इचारलं, "तुमी शाळेचे का?" तं म्हणे, हो, शाळेचंही आहे. "मंग दवाखान्याचे नाई?" तं म्हणे, दवाखान्याचंही आहे. "अन् हे सायकलीवर मातीची नळी कायची?" म्हणे, ती चुलीची. पाटील माह्या सासऱ्याले म्हणाले, "तिघाईचा हाय म्हणजे कोणाचाच नाई. राहू द्या बिचाऱ्याले." असे ते राह्यले, देवळामागच्या खोलीत.

मंग हळूहळू समजलं का त्याईचा सारा शोध धुराचा हाय. बायांच्या चुलीचा धूर छातीत किती जाते, डोळ्यात किती जाते, अन् त्या धुरात वाढलेलं लेकरू शाळेत काऊन मागं पडते, असं ते सांगत. आमी ऐकून घेत होतो. धूर म्हणजे काय शोधाची गोष्ट हाय बाप्पा? चूल पेटली का धूर होते. वावरातून पऱ्हाट्या आणाच्या, कापूस निघाल्यावर उरलेले ते कापसाचे झाडं, अन् त्याच जाळाच्या. पावसाळ्यात ओल्या पऱ्हाट्या पेटत नाई, नुसत्या धुपते. डोळे लाल, नाक काळं. माह्या माईचं तसंच झालं, सासूचं तसंच, माहं तसंच होणार होतं. चंद्रीच्या आधी माहे दोन लेकरं गेले. एक खोकून खोकून गेलं, एक कायनं गेलं ते कोणी सांगितलंच नाई. घरवाला हिंगणघाटच्या कापसाच्या जिनिंगात होता, तो दोन्ही वेळेस पोहोचेपर्यंत माती देऊन झाली होती. मी दुसऱ्या दिवशी चूल पेटवली. जेवायले तं सगळ्याईलेच लागते.

भाऊंची मोजाची तऱ्हा अशी का, ते सकाळी एकेका घरी येत, चुलीपाशी पाटावर बसत, हातात घड्याळ धरत अन् डोळ्यातून पहिला थेंब पडेपर्यंत हलत नसत. थेंब पडला का वहीत लिहून घेत, नाक पुसत, "येतो वहिनी" म्हणून दुसऱ्या घरी रडाले जात. माह्या सासूनं पहिल्या दिवशी पाह्यलं तं ती हातातलं काम टाकून जवळ बसली. म्हणे, "कोणाची याद आली रे बाप्पा? माय हाय का तुले?" भाऊ म्हणाले, "आई आहे आजी, पण हे तिच्यामुळे नाही." सासू मले आत येऊन म्हणे, "बायको सोडून गेली दिसते." गावात तेच पसरलं. मंग बायांमधी वेगळीच चुरस लागली. सखूच्या चुलीपाशी भाऊ बसल्याबरोबर रडत, गोदाच्या चुलीपाशी उशिरा रडत. सखूले ते लागलं. "माह्या घरी येताबरोबर रडते, मी का वंगाळ बाई हाय?" म्हणून तिनं तिसऱ्या दिवसापासून भाऊ यायच्या आधी पऱ्हाट्या उन्हात वाळवल्या, शेणाच्या गोवऱ्या बाजूले ठेवल्या, अन् भाऊ बसले तवा अशी लखलखीत चूल का डोळे कोरडे ठाक. भाऊंनी वही पाह्यली, घड्याळ कानाले लावून पाह्यलं, अन् म्हणाले, "हे असं व्हायला नको होतं." हे त्याईचं पालुपद. दिवसातून दहा वेळा म्हणत.

शाळेतबी तेच. फळ्यावर बारीक अक्षर लिहून लेकराईले लांबून वाचाले लावलं, धुरानं डोळे गेले का पाहाले. गुरुजीनं शाळेची इज्जत जाईन म्हणून आदल्या दिवशीच सारे अक्षर पाठ करून घेतले. ज्या पोराले बैल अन् म्हैस लांबून वेगळी दिसत नव्हती तोबी धडाधडा वाचून मोकळा. छातीचा दम पाहाले एक रबरी फुगा आणला होता, एका दमात किती फुगते ते पाहाचं. पाटलानं इज्जतीचा सवाल करून तो फोडूनच टाकला. दुसरा फुगा नव्हता. भाऊ फाटलेला फुगा हातात घेऊन म्हणाले, "हे असं व्हायला नको होतं." पाटील म्हणे, "अजून आणा, अजून फोडतो."

मी त्याईले हसत नव्हती, त्याचं कारण चंद्री. तिची छाती दिवाळीपासून वाजे, दार किरकिरते तशी. भाऊंनी तिच्या पाठीले दवाखान्याची, कानात घालाची नळी लावून लय वेळ ऐकलं. मंग मले म्हणाले, "वहिनी, हिला धुरातून काढलं पाहिजे." म्हटलं, "काढून कुठं ठेवू? एकच खोली हाय." तवा त्याईनं सांगितलं. गावात चार घरी त्याईनं नवी चूल बसवली होती, मागून नळी छपराबाहेर काढलेली. बाकीच्या घरी आमची जुनीच. दोन्हीतला फरक वर्ध्याच्या साहेबांले दिसला का साऱ्या गावाले नव्या चुली भेटणार होत्या. "अन् पहिली तुमच्याकडे. हिच्यासाठी." तेवढंच मले समजलं. बाकी शोध त्याईचा, चूल माही.

फरक दाखवाले त्याईनं मांजरपाटाचे पांढरे फडके आणले. एकेका घरी चुलीच्या वर, मयालीले, म्हणजे छपराच्या आडव्या लाकडाले, एकेक बांधला. म्हणे, एक महिना कोणी हात लावू नका, मी येऊन घेऊन जाईन. आमी नाई लावला. महिनाभरात आमचे फडके असे काळे झाले का पाहाले लाज वाटे. नव्या चुलीवाल्याईचे जरासे पिवळे. अन् भाऊ फडके न्याले येणार त्याच्या आदल्या दिवशी आमी बाया विहिरीवर भेटलो. कोणी कोणाले सांगितलं नाई, पण जिच्या तिच्या हातात तो काळा फडका होताच. दुसऱ्याचं भांडं आपल्या घरी आलं तं घासून परत देतो ना आपण? आता हे तं पाहुण्याचं कापड, तेही वर्ध्याच्या साहेबांपुढं जाणार. असं मळकं कोण परत देईन! रिठे आणले, राख आणली, दगडावर आपटू आपटू धुतले. सगळ्यात जास्त मी धुतला. मले चूल पाहिजे होती. मले वाटलं, जिचा फडका पांढरा तिच्यावर साहेब खुश होईन. मी तं त्याले नीळ देली. नव्या चुलीच्या चार घरच्या बाया म्हणाल्या, "आमचे कायले धुवाचे, ते तं साफच हाय," अन् तसेच देऊन टाकले.

भाऊ घडीचे फडके न उलगडता गठ्ठ्यात घेऊन तीन दिवस वर्ध्याले जाऊन आले, अन् मंग तो दिवस, जो मी वर सांगितला. पोत्यावर त्याईनं फडके दोन रांगांत मांडले होते. जुन्या चुलीचे पांढरेशुभ्र. नव्या चुलीचे पिवळे. माहा तं निळसर चमके.

"साहेबांनी विचारलं, तुमची नवी चूल धूर करते का जुनी?" भाऊ म्हणाले. "मग काम बंद करायचा कागद दिला. आता नव्या चुली येणार नाहीत." मंग माहा फडका उचलून उजेडात धरला. "मी दिला त्याहून हा पांढरा आहे. वहिनी, पावसात भिजला होता का?"

"नाई," सासू माह्या आधी बोलली. "आमचं घर गळत नाई."

"कोणी काढून ठेवला होता?"

"नाई बाप्पा. महिनाभर तिथंच होता."

खोटं काहीच नव्हतं. जे इचारलं तेवढंच सांगत होतो. सखू पदर तोंडात धरून बसली. पाटील म्हणाले, "आमच्या गावाचा धूरच साफ हाय, त्याले तुमी काय करसान!" चंद्री माह्या मांडीवर खोकली. तिचं अंग माह्या हाताले लागलं, धडधड करून राह्यलं होतं. तवा मले एकदम उमगलं का माही चूल ह्या निळीतच वाहून गेली. सासूपुढं अन् पाटलापुढं मी तोवर तोंड उघडलं नव्हतं. लग्नाले नऊ वर्सं झाले होते.

"भाऊ," मी म्हटलं, "ते आमी धुतले."

सासू म्हणे, "चूप राह्य!"

"सगळ्याईनं धुतले. काळेकुट्ट झाले होते. माहा सगळ्यात काळा होता."

भाऊ माह्याकडं वळले. "का धुतले?"

"तुमचे होते म्हणून."

गोदा हळूच म्हणे, "मळके कसे देणार भाऊ? बरं दिसते का?"

मले वाटलं आता हा माणूस रागावन, नाई तं खरंच रडन. त्याईनं फडका नाकाले लावला अन् इचारलं, "कशानं धुतले?" म्हटलं, रिठ्यानं अन् राखेनं. "काजळी सगळी निघते?" म्हटलं, दोनदा घासलं का निघते. तं ह्या येड्या बह्याड माणसानं वही काढून तेबी लिहून घेतलं! सखू खदकन हसली, अन् मंग सारेच हसले. भाऊबी हसले, पण थोडा वेळानं, कोणी समजावून सांगितल्यासारखे.

त्याईनं साहेबांले पत्र लिहून सारं कळवलं. उत्तर आलं का वेळ संपला. जायच्या आधी दोन दिवस त्याईनं आमच्या घरी स्वतःच्या हातानं चूल घातली. हुकूम नव्हता. मी माती तुडवली, गोदानं पाणी आणलं, सासू दारात पाठ करून बसली पण उठून गेली नाई. शिकलेल्या माणसाचे हात ते, चूल वाकडी झाली. पहिल्या दिवशी धूर नळीतून जायच्या ऐवजी सखूच्या घरात गेला, सखूनं भिंतीपलीकडून भाऊंचा उद्धार केला. भाऊ छपरावर चढले, नळी फिरवली, खाली येताना कौलं फोडली. पण मंग धूर वर गेला. मी बाहेर येऊन पाह्यला. आपल्या घरचा धूर बाहेरून पाहाची मले सवय नव्हती.

चंद्रीची छाती होळीपर्यंत मोकळी झाली. चुलीनं झाली का ऋतू पलटला म्हणून झाली, मले अजूनबी समजलं नाई. सासू म्हणे देवीनं केलं. भाऊंले इचारलं असतं तं ते म्हणाले असते, एका पोरीवरून काही सांगता येत नाही.

त्याईचं एक कार्ड आलं. गुरुजीनं वाचून दाखवलं. "चंद्री खोकते का? किती? चूल चालते का? खरं लिहा, चांगलं लिहू नका." मी गुरुजीले म्हटलं, लिहा का आता थंडीतच खोकते, अन् नळी महिन्यानं चोंदते, ती झाडावी लागते. गुरुजीनं मान हलवली अन् लिहिलं, इकडील सर्व खुशाल. पत्र तसंच लिहितात म्हणे. भाऊंचं दुसरं कार्ड आलं, त्याच्यात एकच ओळ होती. "खुशाल म्हणजे किती?"

त्या कार्डापायी मी अक्षरं शिकली. बाया सांगत, लेकरं झाल्यावर कोणी शिकते का वो, म्हातारपणी मास्तरीण होशीन का? कोळशानं चुलीमागच्या भिंतीवर गिरवून गिरवून, वर्षभर लागलं. मंग मी माह्या हातानं लिहिलं. चंद्री थंडीत खोकते. चूल चालते. नळी चोंदते. सासूचे डोळे गेले. ते पत्र परत आलं. वरती कोणीतरी लिहिलं होतं का हा माणूस येथे राहात नाही. कुठं गेले, कोण्या गावाले रडत बसले, समजलं नाई. हिंगणघाटच्या बाजारात कोणी सायकलीले छत्री बांधून दिसला तं मी लय वर्सं थांबून पाहे.

आता हे वाचणाऱ्याले माहं एकच म्हणणं हाय. तुमच्या घरी जी कोणी सैपाक करत असन, तिले आज इचारा का तुह्या छातीले कसं वाटते. ती म्हणन, बरं हाय. मंग तिथंच बसा, अन् दुसऱ्यांदा इचारा.