मोकळ्या कपाळाच्या बायकांची मोजणी

राजधानी ग्वाल्हेरहून भोपाळला गेली, आरोग्य खात्याचे कागदही पेट्या भरभरून निघाले, त्या हिवाळ्यातली गोष्ट. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या सरकारी दवाखान्यात मंदाताई जगदाळे सुईण होत्या. दाल बाजारामागच्या गल्ल्यांतली निम्मी मुलं त्यांच्याच हातांवर जन्मलेली.

नव्या डॉक्टर रमाकांतांना तिथल्या बायकांचं रक्त तपासायचं होतं. किती जणींचं कमी भरतं ते कळवलं, की भोपाळहून तेवढ्या गोळ्या मिळणार. मुदत पंधरा दिवस.

"ताई, संक्रांत आलीच आहे. कुणाकडे तरी हळदीकुंकू ठरवा. शंभर बायका एकदम सापडतील. हातावर तिळगूळ ठेवला की बोटाला सुई."

"घरी बोलावलेली बाई नाही कशी म्हणेल? हे विचारणं नव्हे डॉक्टरसाहेब, कोंडीत धरणं आहे."

"थेंबभर रक्तासाठी एवढं?"

"आणि हळदीकुंकवाला मी येऊ का?"

डॉक्टरांची नजर त्यांच्या मोकळ्या कपाळावर गेली आणि खाली वळली.

"ही फौजी घरं. माझ्यासारखी घरटी एक. एक वेळ जेवायचं, वर उपास. सगळ्यांत कमी रक्त आमचंच. आम्हीच मोजणीत नसलो, तर गोळ्या कुणासाठी मागणार?"

दुसऱ्या दिवसापासून दोघं दारोदार फिरू लागली. काय घेणार, कशासाठी, हे मंदाताई आधी सांगत. नको म्हटलं तरी दवाखाना तुमचाच, हेही सांगत. बऱ्याच जणी नकोच म्हणाल्या. डॉक्टर मनातल्या मनात दिवस मोजत राहिले.

सुभेदाराच्या विधवा विजयाबाईंनी दारातच अडवलं. "फिर वही सुई? दोन वर्षांपूर्वी नेलेल्या रक्ताचं काय झालं, ते सांग आधी."

"मला ठाऊक नाही, मावशी. विचारलं होतं, कुणी सांगितलं नाही."

"आणि या वेळी?"

"डॉक्टर स्वतः येऊन सांगतील."

"तू नको बोलूस. त्यांना बोलू दे."

"येईन," डॉक्टर म्हणाले. "आठ दिवसांत."

विजयाबाईंनी बोट पुढे केलं.

सातव्या दिवशी डॉक्टर त्यांच्या ओसरीवर बसले होते. "रक्त निम्मंच आहे, आजी. या गोळ्या आजपासूनच घ्या, दवाखान्यातल्या आहेत. भोपाळचं येईल तेव्हा येईल."

"निम्म्यावर तीन सुना वळणावर आणल्या," विजयाबाई म्हणाल्या. "आता त्यांचं काही खरं नाही."

मंदाताई हसल्या. तेवढ्यात आधी नको म्हणालेली शेजारीण पायरीशी येऊन उभी राहिली. "माझंही बघता का?"

डॉक्टरांनी सुईची डबी काढली. मंदाताईंनी हातानंच त्यांना थांबवलं, शेजारणीला जवळ बसवलं, आणि काय घेणार, कशासाठी, ते पहिल्यापासून सांगायला घेतलं.