अकरा सेकंदांची पाटी

शरदकाका डोळे मिटून फिल्म तपासायचे. हातमोजा घातलेल्या दोन बोटांतून फिल्मची कड सावकाश सरकवायची आणि कुठे चीर लागली की थांबून म्हणायचं, "हं, हिला इथं दुखतंय." मग "दमलो बुवा" म्हणत पुढचं रीळ लावायचे. पंचाहत्तरी उलटली होती.

परदेशातल्या शॉमबर्ग गावी, जुन्या फिल्म दुरुस्त करायच्या त्या लॅबमध्ये मी आधी साफसफाईला होते. आठवीतच शाळा सुटलेली. काकांनी मॅनेजरबाईंकडे शब्द टाकून मला हाताखाली घेतलं. तरी रोज सकाळी वाटायचं, आज आपल्याला घरी पाठवणार.

एकदा एक जुना मूक विनोदी सिनेमा आला. जगात त्याची तेवढीच एक प्रत उरलेली. साफ करताना मध्येच दोन चौकटी काळ्या दिसल्या, वर बारीक पांढऱ्या रेघोट्या. मला वाटलं, खराब झालंय. कापलं आणि जोड दिला.

तुकडा बघून काका खाली बसले. "अगं बाई, ही संवादाची पाटी आहे, पडद्यावर वाचायची. फिल्म कमी लागावी म्हणून तेव्हा पाटीच्या दोनच चौकटी ठेवायचे. दाखवायची प्रत काढताना त्याच पुन्हा पुन्हा छापून लांबवायचे."

मी कात्री खाली ठेवली. "काका, तुम्हीच सांगा ना बाईंना."

"मी का? कात्री तुझ्या हातात होती. चल, मी शेजारी उभा राहतो."

मी मोडक्या इंग्लिशमध्ये बाईंना सगळं सांगितलं. बाईंनी तुकडा उजेडात धरून पाहिला. म्हणाल्या, "परत जोड. पुढच्या वेळी आधी विचार." नोकरी राहिली.

आता पाटी पडद्यावर किती वेळ ठेवायची, ते ठरवायचं होतं. काकांनी घड्याळ काढलं. "वाच."

बोट ठेवून एकेक अक्षर जुळवत वाचलं. मराठीत सांगायचं तर, 'साहेब, ते सूप नाही, आचाऱ्याचे मोजे भिजत घातलेत.' अकरा सेकंद लागले.

"काका, लोक इतकं हळू नाही वाचत."

"कुणीतरी वाचतंच. त्याच्यासाठी थांबलं तर काय बिघडतंय? मला तेवढीच विश्रांती." आणि त्यांनी कागदावर अकरा लिहिलं.

सिनेमा दाखवला, त्याच्या महिनाभर आधी काका गेले. दुपारचे आडवे झाले ते उठलेच नाहीत. काकू एवढंच म्हणाल्या, "फार दमले होते गं."

सिनेमा दाखवला त्या दिवशी मी शेवटच्या रांगेत बसले होते. पाटी आली. लोकांनी वाचली, हसले, हसून गप्पही झाले. पाटी तशीच होती. मी शेवटच्या शब्दापर्यंत पोचले, तेव्हा गेली.