हिरव्या बाभळीचं कुंपण

शेळ्यांपासून गुलाब वाचवायला मी त्याच्याभोवती हिरव्यागार बाभळीच्या फांद्या रोवल्या होत्या. काटे बघून शेळ्या लांब राहतील, हे माझं तेव्हाचं डोकं! शेळ्यांनी आधी कुंपण फस्त केलं आणि मग तोंडाला चव म्हणून गुलाब.

विद्यापीठाच्या नामांतरावरून शहर तापलेलं होतं, चिकलठाण्याला कारखान्यामागून कारखाने उभे राहत होते, आणि मी नवी सून मात्र एका धनगरणीशी भांडत होते. ती रोज आमच्या क्वार्टरवरून शेळ्या न्यायची. मी आधी तोंडसुख घ्यायचे, मग चहा द्यायचे. नाव विचारायचं दोघींनाही कधी सुचलं नाही. उकिडवी बसून, बशीत फुंकर मारत, ती चरणाऱ्या शेळीकडं लेकीकडं बघावं तशी बघायची.

"काट्यातनं पाला कसा येचती बघ," एकदा म्हणाली. "शेळी खाती म्हणून बाभळीनं काटा लांबवला. काटा लांबला म्हणून शेळीचं ओठ चपळ झालं. लई जुनं भांडण हाय, पर दोघी बी जगल्या."

एके सकाळी तिच्या चराईच्या माळाला नव्या कारखान्याची काटेरी तार लागली. आता शेळ्या विकाव्या लागणार, या घोरानं तिचा चहा बशीतच निवला. मी शहाणीनं धीर दिला, "होईल हो शेळ्यांना तारेचीही सवय."

ती खुदकन हसली.

"बाभळ टोचती, पर पाला देती. तू टोचतीस, पर च्या देतीस. तार काय देती गं?"