पूजेत बसलेली गिटार

परदेशात श्रूजबरीला मुलाकडे राहायला आल्यापासून घरची खंडेनवमीची पूजा माझ्याकडे आहे. ज्या साधनावर ज्याचा योगक्षेम चालतो, ते त्या दिवशी देवापुढे ठेवावे आणि दुसऱ्या सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत त्याला कामास लावू नये, हा आमचा कुलाचार. यंदा पहाटे स्नान आटोपून मी नातीची गिटार चौरंगावर ठेवली, हळदकुंकू वाहिले, झेंडूची माळ घातली. संगणकातली नोकरी सोडून चार वर्षे ती कंट्री आणि ब्लूज या अमेरिकी लोकसंगीताच्या वळणाची स्वरचित गाणी गाते आहे. हेच तिचे साधन, हे मी प्रथमच मान्य करत होतो. त्यामुळे चित्त प्रसन्न होते.

नात खाली आली आणि दारातच थबकली.

"आजोबा, आज तीनला माझा शो आहे. लायब्ररीच्या हॉलमध्ये. फर्स्ट टाइम पूर्ण तास माझा एकटीचा."

आजवर ती इतरांच्या कार्यक्रमाआधी दोन-तीन गाणी गात असे. तिला हा तास मिळाल्याचे मला ठाऊक होते. दिवस मात्र मी विचारला नव्हता.

सून म्हणाली, "बाबा, गेल्या वर्षी माझा लॅपटॉप पूजेत बसवलात, तर मी सुट्टी टाकली. हिनं काय करायचं?"

"इट्स ओके, आई. मैत्रिणीची गिटार घेते." नात हळूच म्हणाली, "फक्त तिच्यावर माझा आवाज बसत नाही."

एवढे बोलूनही चौरंगाकडे तिचा हात गेला नाही. या देशात जन्मलेली मुलगी माझ्या आचारासाठी आपला तास पणाला लावत होती. मी आसनावर बसलो. जन्मभर जिची उपासना केली, त्या वाग्देवीलाच गाण्याच्या आड कसे बसवावे? आचमन केले, क्षमा मागितली, अक्षता वाहून उत्तरपूजा केली आणि गिटार नातीच्या हाती दिली. सून कुंकू पुसायला फडके घेऊन आली.

"राहू दे ना," नात म्हणाली.

दुपारी हॉलमध्ये, दारातला बर्फ चपला घालून उपसणाऱ्या आपल्या बापावरचे गाणे तिने शेवटी म्हटले. शब्द मला अर्धेच कळले. पण गंधार किंचित उतरला तेव्हा शेजारच्या खुर्चीतल्या वृद्ध बाईंनी डोळे टिपले, आणि मीही.

घरी येताच नातीने गिटार स्वतःच चौरंगावर ठेवली.

"आता उद्यापर्यंत हात नाही लावणार. प्रॉमिस."

मी माळ पुन्हा घातली आणि समईत तेल घातले.