बर्फाची रेघ

आखातात, फुजैराच्या बंदरात माझ्या तोडीचा सुतार नाही. होता एक, तो रिटायर होऊन केरळला गेला, म्हणून मी.

शाळेचं म्हणाल तर पाटीवर उभ्या रेघा मारायला शिकलो आणि तिथेच थांबलो. पुढे अक्षरांना पोटं सुटली, शेपट्या फुटल्या, ते काय आपल्याला झेपलं नाही. बाप सुतार होता. त्याने कान धरून रंध्याला जुंपलं.

तर आमच्या वर्कशॉपला एक म्हातारा इंजिनियर होता, नॉर्वेचा. एकदा जेवणाच्या सुट्टीत तो कागद घेऊन आला. त्यावर चोवीस खुणा.

"कारपेंटर, ही आमची जुनी अक्षरं. एकेका तुकड्यावर एकेक कोरून दे."

मी बघितलं आणि हसलोच. एकाला गोलाई नाही, आडवी रेघ नाही. सगळं उभं नाहीतर तिरकं. म्हटलं, "सर, ही अक्षरं मास्तरने नाही, सुताराने केलीत. लाकडाच्या धाग्याला धरून सुरी चालवली की ते चिरतं, म्हणून आडवं काही ठेवलंच नाही." म्हातारा बघत राहिला. जन्मात पहिल्यांदा मला अक्षर कळलं, ते पण नॉर्वेचं.

तेवीस तुकडे झकास झाले. चोविसावं अक्षर म्हणजे नुसती एक उभी रेघ. माझी, पाटीवरची! तिथेच तुकडा फुटला. घाईत दुसऱ्या फळीतून नवा कापला, तर पटाशी सटकली आणि बोट फाटलं. रेघ रक्ताने भरली.

बाप म्हणायचा, लाकडाने रक्त प्यायलं तर ते चुलीत घालावं, नाहीतर ते माणूस ओळखायला लागतं. आमच्या वर्कशॉपात चूल कुठली? आणि म्हाताऱ्याने लाल रंगच सांगितला होता. वरून रेड ऑक्साइड फासलं. खलास.

त्याच्या पूर्वजांनी सोडलेले देव म्हाताऱ्याने साठीत परत धरले होते. देऊळ नाही, पुजारी नाही. कधी समुद्रात थोडं दूध ओतायचा, आणि रोज सकाळी माझ्या तुकड्यांच्या पिशवीत न बघता हात घालून एक काढायचा. आम्ही गावी देवीला कौल लावतो, तसंच.

एकदा चहा देताना विचारलं, "सर, विचारता काय एवढं?"

"मुलीला फोन करू का, एवढंच. तिची आई गेली तेव्हा मी जहाजावर होतो. पोहोचलो नाही. तेव्हापासून ती बोलत नाही."

"मग देव काय म्हणतात?"

त्याने मूठ उघडली. माझीच रेघ.

"हे अक्षर म्हणजे बर्फ. देव सांगतात, थांब, हलू नको."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच. आठवड्यातले चार-पाच दिवस तीच. म्हातारा ती टेबलावर उभी ठेवायचा, फोन उलटा करायचा आणि कामाला लागायचा.

मग मला ती सगळीकडे दिसायला लागली. दाराच्या फटीत, क्रेनच्या दोरात, आरशात भांगात. मी भांग पाडायचाच बंद केला, तसे केस पण फार नव्हते. बाहेर समुद्रात जहाजं नांगर टाकून उभी असतात, हलत नाहीत. मला वाटायचं, ह्यांनाही माझंच रक्त लागलंय. जखम भरली होती, पण म्हातारा पिशवीत हात घालायचा तेव्हा माझं बोट ठणकायचं. खोटं सांगत नाही. एका बापाला त्याच्या पोरीपासून मी अडवून धरलं होतं आणि वर रोज त्याला साखर किती विचारत होतो.

शेवटी एका सकाळी त्याने हात घालायच्या आतच मी पिशवीवर हात ठेवला.

"सर, ती रेघ खोटी आहे. तिच्यात माझं रक्त आहे. ती मला ओळखते, म्हणून सारखी वर येते. तुमचे देव काही बोललेलेच नाहीत. पोरीला फोन करा."

त्याने सगळे तुकडे टेबलावर ओतले, खिशातून व्हर्नियर काढला आणि एकेकाची जाडी मापायला लागला. सहा मिलिमीटर. सहा. सहा. माझी रेघ आली. नऊ.

"दुसरी फळी?"

"हो. रंधा मारायचा राहिला."

तो तुकडा त्याने बराच वेळ अंगठ्याने चाचपला. इंजिनियरच्या हाताला तीन मिलिमीटर इतके दिवस कळले नाहीत, हे मला आजही पटत नाही.

मग त्याने फोन सुलटा केला, नंबर लावला. रिंग मला पण ऐकू येत होती. मी तिथेच उभा, बोट धरून, पोरगी काय बोलते ते ऐकायला.

म्हाताऱ्याने फोनवर हात ठेवला.

"देवांना मध्ये आणू नको. तू वाईट सुतार आहेस. जा, आणि दार लावून घे."