शालीआधी तार तपासा

विमानांची देखभाल शिकवणाऱ्या आम्हा मास्तरमंडळींचा मेळावा सुरू झाला तो धुळ्याच्या देवपुरात, एका मास्तरांच्या गच्चीवर. धुळ्या-जळगावच्या आमच्या वर्गांत फळा होता, खडू होता, विमान तेवढं नव्हतं. मग ज्याच्याकडे जो सुटा भाग असेल तो त्यानं पिशवीतून आणायचा आणि बाकीच्यांनी त्याला हात लावून घ्यायचा. त्यानंतर शेवभाजी.

मी पहिल्यांदा गेले ती नवी रेशमी साडी नेसून, भाषण पाठ करून. पुस्तकातली विमानं माझ्याइतकी कोणी दुरुस्त केली नसतील, असा बाईंचा तोरा. भाषण कोणी मागितलंच नाही. सगळ्यांत वयस्कर शिक्षकांना आम्ही आबा म्हणायचो. त्यांनी माझ्या हातात पकड आणि तार दिली. समोर दोन बोल्ट, डोक्याला भोकं असलेले. भोकांतून तार ओवायची, पीळ द्यायचा आणि दोन्ही असे बांधायचे, की एक सैल होऊ लागला तर तारेनं त्याला आवळायच्या बाजूला ओढून धरावं. इंजिनाच्या थरथरीत बोल्ट जागेवर राहतात ते या तारेमुळे.

लहानपणापासून बहिणींच्या वेण्या घालणारी मी! असा एकसारखा पीळ दिला की बस्स. आता नियम असा, की एकाचं काम दुसऱ्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय ते झालं म्हणायचं नाही. मला तो अपमान वाटला.

"माझं तपासायची गरज नाही हो, आबा."

आबांनी तारेवरून बोट फिरवलं. अहिराणीत म्हणाले, "बठ्ठं चांगलं शे, पोरी. वेणी तं एक नंबर. पन उलटी शे."

माझी तार बोल्टला आवळायच्या ऐवजी सोडवत होती. सारी गच्ची हसली. रागानं मी जेवायचीच नाही असं ठरवलं, आणि शेवभाजी दोनदा घेतली.

पुढे मेळावा वाढला. जळगावात हॉल मिळाला, पडद्यावर चित्रं आली, मध्ये तर आम्ही घरी बसून संगणकावरच भेटलो. तार मागे पडली. शाली आल्या, नारळ आले. एकमेकांचं काम तपासायचं सोडून आम्ही एकमेकांच्या पाया पडू लागलो. मला धास्ती वाटायची, की आता हा मेळावा नुसता जेवणाचा होणार.

या हिवाळ्यात माझ्याच सत्काराचा निरोप आला. मी कळवलं, "येते. पण शालीआधी मी तार बांधणार, आणि सगळ्यांत नव्या मास्तरानं ती तपासायची."

सगळ्यांत नवी निघाली साक्रीकडची एक मुलगी, नुकतीच शिकवायला लागलेली. मी गप्पा मारत, टाळ्या घेत पीळ दिला आणि ऐटीत पकड खाली ठेवली. ती वाकली. तारेवरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"अगं, छान आहे म्हण ना," संयोजक म्हणाले, "फोटो घ्यायचाय."

इतका वेळ कॉलेजातलं मराठी बोलणारी ती, घाबरली आणि घरचं बोलून गेली. "अक्का, बठ्ठं चांगलं शे. पन तार उलटी शे."

मी बोट लावलं. उलटीच होती.

मागून कोणी तरी म्हणालं, "राहू दे गं. वय झालंय त्यांचं."

"बोल्टला माझ्या वयाचं काय?" मी म्हटलं. "काप ती, आणि तू बांध. मी बघते."

तिनं बांधली. बरोबर होती. पीळ मात्र ओबडधोबड, ते मी तिला ऐकवलंच. तेवढ्यात टेबलाभोवती गर्दी झाली. "नाना, सरका जरा, तुमची मी बघतो." "आधी स्वतःची दाखव!" संयोजक शाल घेऊन उभेच राहिले, आणि तिकडे भरीत गार होत होतं.

जेवताना मी सगळ्यांना ठासून सांगितलं, की तार मी मुद्दामच उलटी बांधली होती. साक्रीची ती माझ्या शेजारीच बसली होती. कळण्याची भाकरी मोडत म्हणाली, "हो का, अक्का? मग पुढच्या वर्षी पुन्हा बांधा. मी आहेच तपासायला."