समुद्राकाठचं मैदान आणि माझी सही

विमानतळावर आई रडली नाही. माझ्या हातात बेसनाच्या लाडवांचा डबा देऊन एवढंच म्हणाली, "कुणाच्या दारी रिकाम्या हातानं जाऊ नये." सुमाताई, तू शेजारी उभी राहून माझ्याकडे बघत नाक मुरडत होतीस, आणि तुझं बरोबरच होतं. इमारतीच्या आत मी काळा गॉगल लावून उभी होते. डॉक्टर नवऱ्याबरोबर इंग्लंडला निघालेली बाई कशी दिसते, ते सगळ्या सांगलीला दाखवायचं होतं ना.

राणीच्या शेजारात राहायला मिळणार अशी माझी समजूत. मिळालं समुद्राकाठचं एक गाव. उन्हाळ्यात आइस्क्रीम, हिवाळ्यात आडवा पाऊस. हॉस्पिटलच्या क्वार्टर्समधून एक लाकडी छप्पर दिसायचं, होडी उलटी घालून ठेवावी तसं. ते फुटबॉल क्लबचं. क्लब काढला इथल्या कोळ्यांनी आणि छप्पर घातलं होड्या बांधणाऱ्या सुतारांनी. त्यांना दुसरं काही बांधता येत नसावं.

ह्यांना हौस दांडगी. मॅचच्या दिवशी क्लबचे डॉक्टर म्हणून बसायचं कबूल करून आले आणि पहिल्याच शनिवारी मलाही घेऊन गेले. "सगळं गाव असतं," म्हणाले. सगळं गाव म्हटल्यावर मी मूर्खासारखी पैठणी नेसले. आईचं वाक्य आठवून बटाटेवड्यांचा डबाही घेतला. पाहुण्या टीमनं गोल केला तशी मी उठून उभी राहिले आणि टाळ्या वाजवल्या. गाण्याच्या बैठकीत दोन्ही गवयांना दाद द्यायची, ही आपल्या घरची शिस्त. अख्खा स्टँड मागे वळून बघायला लागला.

चहाच्या टपरीतून ती चालवणारी मॉरीन बाहेर आली. गरम कप माझ्या हातात कोंबत म्हणाली, "दोन्ही हातांनी धर, लव्ह. म्हणजे टाळ्या वाजणार नाहीत." मग तिनं एक वडा खाल्ला, डोळे पुसले आणि दुसरा मागितला.

तेव्हापासून हाफ-टाइमला वडे. पुढे एका हिवाळ्यात समुद्र भिंत ओलांडून मैदानात शिरला. बादल्यांनी पाणी उपसणाऱ्यांत मीही होते, साडी वर खोचून, ह्यांचे गमबूट घालून. शेजारी मॉरीन समुद्राला शिव्या देत होती. आता मॉरीन नाही, हेही नाहीत. टपरी माझ्याकडे आहे.

आणि आता ऐक, माझं डोकं कशानं तापलंय ते. क्लब एका कंपनीनं घेतलाय. मैदानावर म्हणे सी व्ह्यूचे फ्लॅट्स होणार, आणि क्लब जाणार ड्युअल कॅरेजवेच्या, म्हणजे हायवेच्या, पलीकडे, जिथे बससुद्धा जात नाही. शोभेला म्हणून क्लबच्या इतिहासाचं गुळगुळीत पुस्तक काढतायत. त्याची कच्ची प्रत घेऊन कंपनीचा एक टोकदार बुटांचा माणूस माझ्याकडे आला. मुखपृष्ठावर माझा फोटो घालतो म्हणाला. नव्या स्टेडियममधल्या कॅफेचं नाव 'आंटीज किचन' ठेवतो म्हणाला. फक्त इथे एक सही हवी.

चष्मा लावून कागद वाचला. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, की क्लबच्या स्थलांतराला माझा मनापासून पाठिंबा आहे. स्थलांतराबद्दल मला सांगणार हा, ज्याचे बूट अजून या मैदानाच्या चिखलात बुडाले नाहीत. पुस्तक चाळलं. सुतारांचं छप्पर 'कालबाह्य रचना' झालेलं. पूर एका ओळीत उरकलेला. त्याला वडा दिला, मिरची जरा सढळ हातानं घातलेला, आणि विचारलं, "मॉरीन कितव्या पानावर आहे?"

नाक पुसत तो म्हणाला, "कोण मॉरीन?"

कागद मी तसाच परत दिला. नात, मीरा, तिच्या इंग्रजी मराठीत म्हणाली, "आजी, तू खूप चिडला आहेस." चिडलेच होते. तुला फोन केला, ताई, तर तू म्हणालीस, "परक्यांचं मैदान, तुझं काय जातंय? कर सही, फोटो तरी छापून येईल."

कंपनीपेक्षा तुझाच राग जास्त आला. मग त्यातला अर्धा माझ्यावरच उलटला. आपलं सांगलीचं घर विकायचं ठरलं तेव्हा तू कागद पोस्टानं पाठवले होतेस. कढईत पुऱ्या होत्या. कुठलंही पान न वाचता मी ओट्यावरच सह्या ठोकल्या आणि पाकीट टाकून आले. तिथे आता कोण राहणार, असं मीच म्हणाले होते. प्रॅक्टिकल असल्याचा भारी अभिमान होता तेव्हा. गॉगल उतरला होता, एवढंच. डोळे उघडून बघत तेव्हाही नव्हतेच. आईचं स्वयंपाकघर मी ज्या कागदावर देऊन टाकलं, त्यावर काय लिहिलं होतं ते मला आजही माहीत नाही.

तुझ्यासारख्या मागे राहिलेल्यांना आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांना एवढंच सांगते, की घर कुठलं हे मला निघताना कळलं नव्हतं. ते या कागदापाशी, पेन हातात असताना कळलं. हात चाललाच नाही.

गुरुवारी कौन्सिलमध्ये फ्लॅट्सच्या परवानगीची सुनावणी आहे. हरकत घेणाऱ्या प्रत्येकाला तीन मिनिटं बोलायला मिळतात, आणि मी नाव दिलंय. पहिलं मिनिट मॉरीनचं. ऐकतील की नाही, कोण जाणे. बटाटे उकडायला लावलेत. त्यांच्या दारी रिकाम्या हातानं कशी जाऊ?